संकेतस्थळ आरेखन : ग्राफिक व ऑब्जेक्ट हाताळणी

संकेतस्थळाचे पान दृश्य स्वरूपात रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र, आकृती, मजकुराची चौकट, बटण इत्यादी घटक पानावर ठेवणे, त्यांचा आकार बदलणे, त्यांना एका रेषेत आणणे, वर-खाली लावणे व गटात बांधणे या क्रिया. स्वतंत्रपणे निवडता येणाऱ्या प्रत्येक घटकाला ऑब्जेक्ट म्हणतात. आरेखकाला तो हवा तिथे ओढता येतो; प्रकाशित पानात मात्र तो एचटीएमएल या पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतील एक टॅग (घटकाची खूण) असतो आणि आपली जागा भोवतालच्या मजकुराच्या प्रवाहातून घेतो. या दोन रूपांतील तफावत हेच या विषयातील बहुतेक तांत्रिक अडचणींचे मूळ आहे.

उगम : पडद्यावरची आकृती म्हणजे केवळ ठिपके नसून तिला स्वतःची ओळख असते, ही कल्पना बहुतेक अभ्यासक आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’पर्यंत मागे नेतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधासाठी त्यांनी ही प्रणाली टीएक्स-२ संगणकावर उभारली. तीत मूळ आकृती एकदा काढून तिच्या अनेक प्रती ठेवता येत. मूळ बदलली की सर्व प्रती बदलत. दोन रेषा समांतर राहाव्यात, असे बंधनही घालता येई. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘कंपोनंट’ (पुन्हा पुन्हा वापरता येणारे घटक) याच तत्त्वावर चालतात. दुसरे मत या कल्पनेचा उगम प्रोग्रामिंगच्या भाषांत, विशेषतः ओले-योहान डाल व क्रिस्टन नीगार्ड यांनी नॉर्वेत घडवलेल्या ‘सिम्युला’त पाहते. ऑब्जेक्टाधारित प्रोग्रामिंगचे एक प्रवर्तक ॲलन के यांनी आपल्या विचारांवर स्केचपॅड व सिम्युला या दोहोंचा प्रभाव मान्य केला असल्याने ही दोन मते पूर्णपणे वेगळी करता येत नाहीत. तथापि आरेखनापुरते पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. निवडणे, ओढणे, ताणणे या क्रिया चित्रणाच्या परंपरेतल्या आहेत, मॅकड्रॉ (सु. १९८४), पेजमेकर (१९८५) व इलस्ट्रेटर (१९८७) या चित्रण व पानरचनेच्या सॉफ्टवेअरमार्फत त्या संकेतस्थळ आरेखकांच्या हाती आल्या.

आरंभीच्या एचटीएमएलमध्ये मजकुरातच चित्र बसवण्याची सोय नव्हती. मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये आयएमजी हा टॅग सुचवला आणि मोझेइक ब्राउझरमुळे तो रूढ झाला.

ग्राफिकचे प्रकार : ठिपक्यांच्या चित्रांसाठी जीआयएफ (१९८७), जेपेग (१९९२), पीएनजी (१९९६) व वेबपी (२०१०) ही स्वरूपे प्रमुख होत. जीआयएफमध्ये एका चित्रचौकटीत २५६ रंगांची मर्यादा आहे. त्यातील एलझेडडब्ल्यू या संकोचनपद्धतीवरील (माहिती कमी जागेत साठवण्याच्या रीतीवरील) युनिसिस कंपनीच्या पेटंटमुळेच पीएनजीची निर्मिती झाली. छायाचित्राला जेपेग, तर सपाट रंग व पारदर्शकता असलेल्या चित्राला पीएनजी योग्य ठरते. चिन्हे व आकृत्या यांना व्हेक्टर स्वरूप (ठिपक्यांऐवजी रेषा व वक्रांच्या गणिती वर्णनाने साठवलेले), म्हणजे एसव्हीजी (शिफारस २००१), अधिक सोयीचे; ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत. व्हेक्टरमधील वक्ररेषा सहसा बेझिए वक्र (काही नियंत्रक बिंदूंवरून आकार ठरणारे वक्र) असतात. रेनॉचे अभियंते पिएर बेझिए यांनी त्या १९६० च्या दशकात प्रसिद्ध केल्या. पण सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ च्या सुमारास तेच काम केले होते व कंपनीने ते गुप्त ठेवले होते. काळाचा क्रम पाहता श्रेयात कास्तेलजो यांचा वाटा मोठा मानणे उचित ठरेल.

मांडणी व थर : १९९० च्या दशकात ऑब्जेक्ट ठरावीक जागी बसवण्यासाठी सारणीत सारणी घालत आणि एका पिक्सेलचे पारदर्शक जीआयएफ ताणून रिकामी जागा राखत. ऑब्जेक्ट मुक्तपणे ठेवू देणारे नेटऑब्जेक्ट्स फ्यूजन (१९९६) पान प्रकाशित करताना अशाच सारण्या तयार करी. पानाचे रूप व मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने (१९९८) निरपेक्ष स्थान व झेड-इंडेक्स (कोणता घटक वर दिसावा हे ठरवणारा आकडा) हे गुणधर्म दिले आणि ही कसरत अनावश्यक ठरू लागली.

झेड-इंडेक्सविषयी मात्र मोठा गैरसमज आढळतो. त्याचा आकडा संपूर्ण पानासाठी नसतो. त्याची तुलना एकाच थर-संदर्भात, म्हणजे एकत्र रचल्या जाणाऱ्या घटकांच्या गटात, होते. ऑब्जेक्टची अपारदर्शकता १ पेक्षा कमी केली किंवा त्याला फिरवले, की त्याच्यापुरता नवा थर-संदर्भ तयार होतो. त्याच्या आतील घटकाला ९९९९ आकडा दिला तरी तो बाहेरच्या वरच्या थरावर चढू शकत नाही. ‘सर्वांत पुढे आणा’ ही आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसूनही ब्राउझरमध्ये फसते, तेव्हा प्रथम हेच कारण तपासावे.

पडद्यांची रुंदी वेगवेगळी असल्याने ठरावीक स्थान देण्याची पद्धत मागे पडली. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रतिसादी (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या) आरेखनानंतर ऑब्जेक्टचे अंतर कोणत्या कडेपासून कायम राहावे, तो ताणला जावा की मध्यभागी राहावा, हे ठरवण्याला महत्त्व आले. स्केचपॅडमधील बंधनाची कल्पना येथे नव्या रूपात दिसते. चित्राचे लांबी-रुंदीचे प्रमाण राखणे आणि त्याची मापे आधीच नोंदवणे आवश्यक असते; अन्यथा चित्र उतरताना खालचा मजकूर सरकतो.

सुगम्यता : वेब आशय सुगम्यतेच्या १९९९ मधील मार्गदर्शिकेतील पहिलेच सूत्र दृक्‌-श्राव्य आशयाला समतुल्य पर्याय देण्याविषयी आहे. त्यानुसार अर्थ सांगणाऱ्या चित्राला पर्यायी मजकूर देतात. केवळ सजावटीच्या चित्राचा तो रिकामा ठेवतात. ऑब्जेक्ट ओढून वर नेला तरी पानाच्या संकेतातील (कोडमधील) त्याचा क्रम बदलेलच असे नाही. पडदावाचक (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) मात्र संकेताच्या क्रमानेच वाचतो, म्हणून हलवाहलव संपल्यावर तो क्रम वेगळा पाहावा लागतो.