राष्ट्रीय महामार्ग १५ (जुना क्रमांक) : राजस्थानातील मार्ग

पंजाबातील पठाणकोटहून निघून गुजरातेत कच्छच्या तोंडाशी सामखियाळीला पोचणारा १,५२६ किलोमीटरचा जुना राष्ट्रीय महामार्ग. त्यातला ९०६ किलोमीटरचा, म्हणजे निम्म्याहून बराच मोठा भाग एकट्या राजस्थानात येतो. श्रीगंगानगर, सूरतगड, लूणकरणसर, बिकानेर, फलोदी, रामदेवरा, पोकरण, जैसलमेर, बाडमेर आणि सांचोर ही त्यावरची मुख्य ठिकाणे. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. तेव्हा १५ हा आकडा आसाम-अरुणाचलातल्या रस्त्याकडे गेला आणि राजस्थानातल्या या रस्त्याचे तीन तुकडे झाले. श्रीगंगानगर ते बिकानेर आता महामार्ग ६२ वर येते, बिकानेर ते जैसलमेर ११ वर, आणि जैसलमेरपासून सांचोरमार्गे गुजरातेपर्यंतचा भाग ६८ वर. कागदोपत्री हे तीन वेगळे रस्ते असले, तरी पाकिस्तानच्या सरहद्दीला साधारण समांतर, थरच्या वाळवंटातून उभा जाणारा रस्ता म्हणून पाहायचे तर तो अजूनही एकच आहे. ही नोंद त्या अर्थाने लिहिली आहे.

नकाशात हा रस्ता पिवळ्या रंगातून जातो, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाळूच दिसेल अशी प्रवाशाची समजूत असते. राज्यात शिरल्याबरोबर ती मोडते. पंजाबची हद्द ओलांडली की पहिले गाव साधुवाली. हिवाळ्यात इथे गंग कालव्याच्या काठाला गाजरांचा बाजार भरतो. शेतकरी ट्रॉल्या भरून गाजरे आणतात, कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत ती घोळून माती काढतात आणि लालबुंद ढीग तिथेच गोण्यांत भरले जातात. वाळवंटी राज्याचे पहिले दर्शन हे असे, घोट्याएवढ्या चिखलात.

बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी आणणारा हा कालवा १९२७ साली सुरू केला. जिल्ह्याच्या शहराला नावही त्यांचेच. पाण्याबरोबर पंजाबातून शेतकरी आले. म्हणून श्रीगंगानगरात पंजाबी सहज कानावर पडते आणि शेतात गहू, कापूस, मोहरी आणि किन्नू संत्री दिसतात. इथल्या गावांची नावे परक्या माणसाला कोड्यात टाकतात. ‘३ ई छोटी’ हे एका गावाचे नाव आहे. जमीन आखून, कालव्याच्या चाऱ्यांना अक्षरे-आकडे देऊन वसवलेली ही गावे; त्यांना चक म्हणतात. आधी चारी आली, मग गाव आले, आणि नाव सुचायच्या आत कालवा खात्याचा क्रमांकच रूढ झाला.

सूरतगडला घग्गर नदीचे कोरडे पात्र आडवे येते. लोक तिला नुसते ‘नाली’ म्हणतात. तिच्याच काठावर, या रस्त्यापासून थोडे पूर्वेला, हडप्पाकालीन कालीबंगा आहे. १९५६ साली सोव्हिएत संघाने भेट दिलेल्या यंत्रांवर सूरतगडला केंद्र सरकारचे प्रचंड शेत उभे राहिले. पुढे औष्णिक वीज केंद्रही आले. शहराच्या दक्षिणेला इंदिरा गांधी कालवा भेटतो, आणि इथून पुढच्या रस्त्याचा निम्मा इतिहास त्याच्याशी बांधलेला आहे.

या कालव्याची कल्पना बिकानेर संस्थानचे अभियंते कंवर सैन यांनी १९४८ मध्ये मांडली. काम १९५८ साली सुरू झाले. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून २०४ किलोमीटरचा पुरवठा कालवा आणि तिथून जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडपर्यंत ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा, असे त्याचे अंतर. महामार्ग आणि कालवा दोघेही नैर्ऋत्येकडे उतरतात. कालवा सरहद्दीच्या बाजूला, रस्ता त्याच्या पूर्वेला. कालव्याने रस्त्याला माल दिला आणि रस्त्याने कालव्याच्या मुलखाला बाजार. पण पाणी सगळीकडे मुरले नाही. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर असतो. त्यावर पाणी साचते, वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते, आणि पीक देणारे शेत पांढरे पडते. या रोगाला स्थानिक शब्द ‘सेम’. बारमाही पाटपाण्याखाली चोपण झालेल्या जमिनी पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लूणकरणसरच्या नावातच ‘लूण’, म्हणजे मीठ आहे. इथल्या खाऱ्या सरोवरात पूर्वी मीठ पिकायचे. आता कालव्याच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यावर भुईमूग इतका होतो, की गावाला ‘राजस्थानचे राजकोट’ म्हणतात. त्याआधी महाजन हे गाव लागते. रस्त्याच्या पश्चिमेला लष्कराचे गोळीबाराचे मोठे मैदान आहे, आणि त्यासाठी १९८० च्या दशकात तिथली बरीच गावे उठवली गेली. बिकानेर हे या मार्गावरचे सर्वांत मोठे शहर. राव बिका यांनी १४८८ साली ते वसवले. जुनागड किल्ला, उंट संशोधन केंद्र आणि मटकीच्या पिठाची शेव, म्हणजे भुजिया, या त्याच्या तीन ओळखी. भुजियाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खरे वाळवंट कोलायतनंतर जाणवू लागते. रस्त्याच्या कडेची झाडी खुजी होते. फोग, केर, रुई आणि अधूनमधून खेजडी. ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करून मोकळे होतो. इथे तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा (सांगरी) भाजीला आणि सावली पिकाला. शेताच्या मधोमध उभी खेजडी कोणी तोडत नाही.

मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की वाळू चालू लागते. आधी डांबरावर सापासारख्या बारीक रेघा सरकताना दिसतात. मग कडेला, जिथे एखादे झुडूप किंवा किलोमीटरचा दगड वाऱ्याला अडवतो, तिथे शेपटीसारखा ढीग जमतो. ती शेपटी वाढत वाढत रस्त्याच्या मध्यापर्यंत येते. मोटारीचे चाक एका बाजूने वाळूत आणि दुसऱ्या बाजूने डांबरावर, अशी वेळ धोक्याची. दुचाकी तर हमखास घसरते. जेसीबी येऊन वाळू बाजूला लोटतो, आणि वारा दोन दिवसांत ती परत आणून ठेवतो. त्यावरचा टिकाऊ उपाय जोधपूरच्या काझरी या संस्थेने घालून दिला : धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, काटक्या रोवून चौकडीचे बुटके कुंपण घालायचे, वाळू थोडी स्थिरावली की पावसाळ्याच्या तोंडाला त्या चौकटींत रोपे लावायची. त्यासाठी परदेशी बाभळीची एक काटक जात सर्रास वापरली गेली. लोक तिला ‘इस्रायली बाभूळ’ म्हणतात. रस्त्याकाठी छत्रीसारख्या पसरट माथ्याची जी हिरवी पट्टी दिसते, ती बहुतेक हीच.

बाप नावाच्या गावाजवळ, रस्त्याच्या एका अंगाला भडला सौर उद्यान आहे. क्षमता २,२४५ मेगावॉट, जगातल्या मोठ्यांपैकी एक. जिथे काही पिकत नव्हते तिथे ऊन पिकते असे त्याचे कौतुक होते आणि ते खोटे नाही. मात्र या रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर मेंढ्या चरत होत्या, हे त्या कौतुकात येत नाही. ऊन किती, याची साक्ष पुढच्याच गावात मिळते. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. भारतातला तो उच्चांक आहे. त्याच फलोदीच्या शेजारी खीचन गावात हिवाळ्यात कांड्या करकोचे हजारोंनी उतरतात. राजस्थानी लोक त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून आलेल्या या पाहुण्यांना गाव रोज धान्य टाकते. त्यासाठी कुंपण घातलेली जागा आहे, तिला चुग्गाघर म्हणतात. सकाळी सगळा थवा एकदम उतरतो तेव्हा शेजारी उभ्या माणसाशी बोलायचे तरी ओरडावे लागते.

फलोदी ते रामदेवरा हा तुकडा भाद्रपदात ओळखू येत नाही. रामदेव पीर या लोकदैवताच्या जत्रेला राजस्थान-गुजरातेतून लोक चालत येतात. खांद्यावर ध्वज, डोक्यावर किंवा हातात कापडाचा घोडा, पायांना फडकी गुंडाळलेली. या यात्रेकरूंना जातरू म्हणतात. वाटेवर गावोगावचे लोक मांडव घालून फुकट जेवू घालतात, पाय चेपून देतात. ट्रक एका कडेने मुंगीच्या चालीने सरकतात. आषाढात पंढरीच्या वाटेवर उभे राहिलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल. हिंदू ज्यांना रामदेवबाबा म्हणतात त्यांनाच मुसलमान भाविक रामसापीर म्हणतात.

पोकरणचे नाव जगाला १८ मे १९७४ च्या आणि ११ व १३ मे १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे कळले. चाचण्यांची जागा लष्करी मैदानात आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही. जोधपूरकडून येणारा रस्ता इथे मिळतो, त्यामुळे चहाची आणि पंक्चरची दुकाने मात्र भरपूर. या सबंध पट्ट्यात लष्कराची वाहने सतत दिसतात आणि ते साहजिक आहे. १९६५ च्या युद्धाने सरहद्दीवर रसद पोचवण्याची अडचण उघडी पाडली. पोकरणहून जैसलमेरपर्यंत रेल्वेही त्यानंतरच गेली. सीमा सडक संघटनेचा ‘चेतक’ प्रकल्प या भागातले सरहद्दीकडे जाणारे रस्ते सांभाळतो.

पोकरण ते जैसलमेर हे अंतर साधारण ११० किलोमीटर. लाठी आणि चांदण ही मधली गावे. चांदणला भूगर्भात गोडे पाणी आहे. तिथल्या कूपनलिकेला ‘थरचा घडा’ म्हणतात. भोवती सेवण गवताचे माळ आहेत आणि त्यांत माळढोक टिकून आहे. राजस्थानचा हा राज्यपक्षी, तिथले नाव गोडावण. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तिथे तो आता जवळपास दिसेनासा झाला आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या पक्षिमित्रांचे लक्ष या माळांकडे लागलेले असते. अडचण तारांची आहे. माळढोक जड पक्षी. नर १५ किलोपर्यंत भरतो. त्याला समोरचे नीट दिसत नाही, बाजूचे दिसते. तार अगदी जवळ आल्यावर कळते आणि तेवढ्यात वळणे जमत नाही. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांची वीज नेणाऱ्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

रावळ जैसल यांनी ११५६ साली वसवलेले जैसलमेर सिंधकडे जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर श्रीमंत झाले. मुंबई बंदर वाढले तशी ती वाट ओस पडत गेली आणि फाळणीने तर बंदच झाली. शहर पर्यटनावर परत उभे राहिले, ते बरेचसे याच महामार्गामुळे. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर. तरी इथे पूर्वीपासून खडीन पद्धतीने गहू घेतला जातो : उतारावरचे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, ते जिरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बी पेरायची.

बाडमेरच्या वाटेवर १७ किलोमीटरवर आकल येथे ज्युरासिक काळातली दगड झालेली झाडे उघड्यावर पडलेली आहेत. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होते. पुढे देवीकोट, फतेहगड, शिव. या पट्ट्यातल्या ‘ओरण’ म्हणजे आपल्या देवराया. देवीच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लागलेली कुरणे. महसुली दप्तरात यांतल्या अनेकांची नोंद पडीक जमीन अशी आहे, आणि ऊर्जा प्रकल्पांना जमीन देताना भांडण नेमके तिथे सुरू होते.

बाडमेरजवळ जानेवारी २००४ मध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडले आणि ऑगस्ट २००९ पासून उत्पादन सुरू झाले. हे तेल मेणचट; थंड झाले की थिजते. म्हणून गुजरातेकडे जाणारी वाहिनी सबंध वाटेत तापती ठेवावी लागते. तेल आल्यापासून या भागात वाहतूक आणि ढाबे दोन्ही वाढले.

धोरीमन्ना सोडल्यावर गांधवला लूणी नदी ओलांडावी लागते. अजमेरकडे उगवलेली ही नदी वरच्या अंगाला गोडी, बालोतरानंतर खारी, आणि शेवटी कच्छच्या रणात जिरणारी. गांधवहून सरहद्दीकडे फुटणाऱ्या ९२५ अ या महामार्गाच्या तीन किलोमीटरांवर हवाई दलाची विमाने उतरू शकतात. ९ सप्टेंबर २०२१ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हवाई दलाच्या विमानातूनच तिथे उतरले होते.

सांचोरला पुन्हा पाणी. मार्च २००८ मध्ये नर्मदेचा कालवा गुजरातेतून इथे शिरला. गंग कालव्याच्या मुलखातल्यासारखे पाट इथे नाहीत. तुषार किंवा ठिबक बसवल्याशिवाय पाणी मिळत नाही, असा नियम सुरुवातीपासून आहे. त्यावर जिरे, इसबगोल आणि आता डाळिंब होते. डाळिंबाचा वाण बहुतेक ‘भगवा’, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला. या पाण्याची दुसरी बाजूही महाराष्ट्रातच आहे : ज्या सरदार सरोवरातून ते येते, त्याच्या बुडीत क्षेत्रात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे गेली.

सांचोर, जालोरकडची बरीच घरे मुंबई-पुण्यातल्या स्टील, हार्डवेअर आणि मिठाईच्या दुकानांवर चालतात. दिवाळी-लग्नसराईत तिकडच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या पहाटे इथे रिकाम्या होतात. सांचोरनंतर थोड्याच अंतरावर राज्याची हद्द लागते. पुढे गुजरातेत थराद, मग राधनपूर. जुना १५ तिथून सामखियाळीला जाई, आताचा ६८ राधनपूरहून पूर्वेला प्रांतिजकडे वळतो.