‘टूक’ कोण आणि ‘थेन’ कोण?

टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीत शायर हा हॉबिटांचा, म्हणजे बुटक्या, माणसांसारख्या लोकांचा मुलूख आहे. तिथल्या टूक घराण्याचा विषय निघाला की घराण्याचा प्रमुख आणि मुलखाचा थेन ही एकच गोष्ट आहे असं धरून बोललं जातं. एरवी दोन्ही मान एकाच माणसाकडे असत, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. पण टोल्कीन यांनी ही दोन पदं नीट वेगळी ठेवली होती. १९५८-५९ च्या सुमारास एका वाचकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात त्यांनी हे उलगडलं आहे. प्रश्न होता हॉबिटांच्या वाढदिवसाच्या भेटींचा, उत्तर मात्र घराण्यांच्या रिवाजांपर्यंत गेलं.

थेन हे मुलखाचं पद. उत्तरेकडचं राज्य बुडालं आणि राजा उरला नाही, तेव्हा शायर-गणनेच्या, म्हणजे शायरच्या स्वतःच्या कालगणनेच्या (पुढची सालंही तिचीच), ३७९ साली हॉबिटांनी राजाच्या जागी थेन नेमला. पुढे हे पद टूकांकडे आलं आणि वंशपरंपरेनं चाललं. सभा भरवायची, संकट आलं तर फौज उभी करायची, हे त्याचं काम. तसं संकटच येईना, म्हणून कादंबरीचा नायक फ्रोडो याच्या काळापर्यंत नुसता मान उरला. टपाल आणि शेरिफ (शायरचे पोलीस) यांचा कारभार दर ७ वर्षांनी निवडून येणाऱ्या महापौराकडे होता. शेरिफ अवघे १२, आणि त्यांचा वेळ माणसांपेक्षा चुकार गुरांमागेच जास्त जाई.

घराण्याचं प्रमुखपद याहून निराळं. हॉबिटांच्या घरात नवरा-बायकोचा मान सारखा, कामं तेवढी वेगळी. नवरा आधी गेला तर प्रमुखपद मुलाकडे जात नसे, बायकोकडे येई, आणि ती स्वतःहून सोडत नाही तोवर मरेपर्यंत तिचंच राही. फ्रोडोच्या बॅगिन्स घराण्याकडे बघा. लॉरा आजी नवऱ्यामागे १६ वर्षं, वयाच्या १०२ व्या वर्षापर्यंत प्रमुख होती. तिचा मुलगा बंगो प्रमुख झाला तेव्हा सत्तरीला आला होता. बंगोचा मुलगा बिल्बो यालाही आईच्या मृत्यूपर्यंत थांबावं लागलं. मात्र आपल्याकडचा एकत्र कुटुंबाचा कर्ता इथे डोळ्यांसमोर आणू नये. कर्ता मालमत्ता सांभाळतो. हॉबिटांमध्ये प्रमुखपद आणि मालमत्ता हे वेगळे विषय होते, मोठ्या वाड्यांत ते कधी एकमेकांत मिसळत एवढंच.

हे दोन धागे सुटे दिसतात ते लालियाच्या गोष्टीत, आणि मला ती फार आवडते. १३८० साली तिचा नवरा, थेन फोर्टिनब्रास दुसरा, वारला. थेनपद लगेच मुलाकडे, फेरुंब्रासकडे गेलं. घराण्याची प्रमुख मात्र लालिया झाली आणि पुढची २२ वर्षं राहिली. शायरचा थेन ग्रेट स्माइल्स या टूकांच्या वाड्यात ब्रह्मचारी मुलाला मिळणाऱ्या लहानशा खोल्यांत राहत होता. त्यानं लग्नही केलं नाही. लालियाच्या हाताखाली नांदायला कोणी तयार होईना, असं म्हणत.

न्यायाचा प्रश्न आला की घराण्याचं वजन आणखी जाणवतं. कायदे जुन्या राजाचे मानले जात आणि लोक ते आपखुशीनं पाळत, त्यामुळे बाहेरच्या अधिकाऱ्याची गरज क्वचितच पडे. शिक्षा करायचीच झाली तर ती घर करी. शायरबाहेर, नदीकाठच्या हॉबिटांत, स्मीगलच्या (पुढे गोलम म्हणून ओळखला गेला तो) चोऱ्या आणि चहाडखोरपणा असह्य झाला तेव्हा त्याला घराबाहेर काढलं ते त्याच्या आजीनं. त्यानं आपला मित्र डीगल याचा केलेला खून कुणाला कळलाच नव्हता. घरातली शांतता बिघडली, एवढं कारण तिला पुरलं.

टूकांनीही तसंच केलं. १४०२ च्या वसंतात लालियाला हवा खायला मोठ्या दारापाशी नेताना सोबतच्या मुलीच्या हातून चाकांची खुर्ची उंबऱ्यावरून सुटली आणि ११९ वर्षांची लालिया पायऱ्यांवरून खाली बागेत पडून वारली. ती मुलगी म्हणजे फ्रोडोचा सोबती पिपिन टूक याची बहीण पर्ल, अशी कुजबुज सगळीकडे पसरली. टूकांनी प्रकरण घरातच ठेवलं. फेरुंब्रास अखेर घराण्याचा प्रमुख झाला त्या समारंभाला आणि पंगतीला पर्लला बोलावलं नाही, हीच जाहीर नाराजी. काही काळ जाऊ दिल्यावर मात्र तिच्या गळ्यात मोत्यांचा देखणा हार दिसला. तो थेनांच्या खजिन्यात वर्षानुवर्षं पडून होता.