बहावा उगवला नाही? बी फेकण्याआधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या रोपवाटिकेत एक तक्रार ठरलेली: "बहाव्याचं बी पोचट निघालं. महिनाभर रोज पाणी घातलं, एक कोंब नाही." अशा कुंडीतलं बी उकरून पाहिलं की ते बहुतेक वेळा पेरलं तसंच सापडतं, तपकिरी, चकचकीत, खड्यासारखं टणक. महिनाभरात पाणी त्याच्या आत शिरलेलंच नसतं.

बहाव्याच्या बियांचं टरफल पाणी आत घेत नाही. रानात अस्वलं, कोल्हे, माकडं शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून जाताना ते टरफल मऊ पडतं. कुंडीत हे काम आपल्यालाच करायचं आहे. आमच्या बियांच्या पाकिटात पॉलिश पेपरचा तुकडा त्यासाठीच असतो. तो कचऱ्यात टाकू नका.

बियाचं टोकदार अंग चिमटीत धरा, कारण कोंब तिथून फुटतो. दुसरं, गोलसर अंग पेपरवर घासा. तपकिरी साल जाऊन आतला फिकट रंग दिसला की थांबा, त्याच्या खाली जाऊ नका. मग बिया रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या आणि चकाकी गेलेल्या दिसतील. तेवढ्याच पेरा. ज्या तशाच राहिल्या, त्या पुसून पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. ही निवड न करता सगळ्या बिया एकदम पेरल्या जातात आणि पावसाळ्याचा एक महिना हातचा जातो.

घासायला वेळ नसेल तर पाणी उकळून गॅसवरून खाली उतरवा, मग त्यात बिया टाका आणि 24 तास तशाच राहू द्या. गॅसवर ठेवून मात्र बिया उकळू नका, त्या शिजतात. या पद्धतीत उगवण मागेपुढे होते. आम्ही स्वतः घासूनच पेरतो.

5 बाय 7 इंची पिशवी, तळाला भोकं. दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत. बी 1 सेंटिमीटर खोल. वरची माती सुकली की पाणी द्या. चिखल राहिला तर फुगलेलं बी कुजतं.

"बिया घासूनच का विकत नाही?" असं अनेकजण विचारतात. घासलेलं बी हवेतला ओलावा शोषतं आणि पाकिटात टिकत नाही. काउंटरवर विचारा, दोन मिनिटांत घासून दाखवतो.

जांभूळ आणि कढीपत्त्याचं याच्या अगदी उलट. हे बी सुकलं की मेलं. बहाव्याबरोबर डब्यात भरून ठेवलेली जांभळाची बी पुढच्या वर्षी उगवणार नाही. जांभूळ खा, बी धुवा, त्याच दिवशी पेरा. कढीपत्त्याचं काळं पिकलेलं फळ चोळून गर काढा आणि लगेच पेरा. कडुनिंबाची निंबोळी दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ठेवू नका. म्हणूनच आम्ही या तिघांची पाकिटं करत नाही, ती मागून आमचा नकार ऐकलात तर राग मानू नका. रोपं मात्र तयार असतात. पळसाची चपटी शेंग घासायची गरज नाही, ताजी असताना पेरली की झालं.

रोप घेताना पानं कुरतडलेली दिसली तर ते बाजूला सारू नका. बहाव्यावर कॉमन एमिग्रंटच्या आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या वाढतात. ही फुलपाखरं बागेत हवीत म्हणूनच तर आपण ही झाडं लावतो, त्यामुळे आम्ही कीटकनाशक फवारत नाही. रोप वीतभरच असेल आणि अळ्या त्याला बोडकं करत असतील, तर त्या त्याच जातीच्या मोठ्या झाडावर सोडा. मोठं झाड नसेल तर एकाऐवजी तीन-चार रोपं लावा. चार रोपं एकत्र घेतलीत तर आम्ही दर कमी लावतो.

आणि गेल्या महिन्यात पेरलेला बहावा अजून मातीतच असेल तर उकरून बी दाबून पाहा. टणक लागलं तर ते अजून कामाचं आहे. घेऊन या, घासून देतो.