चुना-स्थिरीकरण (काळी माती)

चुना-स्थिरीकरण : चिकणमातीत चुना मिसळून, पाणी मारून आणि रोलरने दाबून तिची भार पेलण्याची क्षमता वाढविण्याची पद्धत. रस्त्याचा थर, भराव व फरशीखालची जमीन यांसाठी ती वापरतात.

सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या खोऱ्यात बेसॉल्टच्या झिजेतून बनलेली खोल काळी माती आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या रानात पहिल्या मोठ्या पावसानंतर चप्पल रुतून बसते. या हालचालीने भिंतींना तिरक्या चिरा पडतात, फरशी उचलते. थर पातळ असेल तर काळी माती काढून मुरूम भरणे हाच सरळ मार्ग. चुन्याचा विचार मुरूम लांबून आणावा लागतो तेथे करावा.

चुना दोन टप्प्यांत काम करतो. आधी त्यातील कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते आणि कण गुठळ्या धरतात. कच्च्या ओल्या मातीची तळहातावर ३ मिमी जाडीची वळी सहज होते. चुना मुरल्यावर तेवढ्याच ओलीत ती तुटते आणि फावड्याला माती चिकटत नाही. दुसरा टप्पा संथ आहे. सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) १२.४ च्या आसपास गेला की मातीतील सिलिका व ॲल्युमिना विरघळून चुन्याशी सिमेंटसारखी संयुगे बनवतात. हे महिनोन्‌महिने चालते. उष्णतेने त्याला वेग येतो, म्हणून सोलापूरचे ऊन उपयोगी. मात्र थर ओला ठेवला तरच.

चुना सहसा कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ८ टक्के लागतो. नेमके प्रमाण ठरविण्यासाठी १९६६ मध्ये ईड्स व ग्रिम यांनी सुचवलेली सामूची चाचणी वापरतात. फार ओल्या जमिनीत कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना बरा, कारण तो विरताना पाणी ओढून घेतो. पण डोळे व कातडी भाजतो. उघड्यावर पडलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होतो. काळ्या रानात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचे तेच : ते कार्बोनेटच असल्याने, भट्टीत भाजल्याशिवाय त्यांचा येथे उपयोग नाही.

कालव्याच्या पट्ट्यातील चोपण (सोडियम साचून बिघडलेली) जमीन सुधारण्यासाठी शेतकरी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकतात. अशा प्लॉटवर चुन्याआधी सल्फेट तपासणे आवश्यक ठरते. सल्फेट जास्त असेल, तर चुना, ॲल्युमिना व पाणी यांपासून एट्रिंजाइट हे फुगणारे खनिज बनते आणि दाबलेला थर घट्ट होण्याऐवजी फुगतो.