किन्शासाच्या स्टेडियमला पाद्र्याचं नाव

३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत लोळवलं, ते काँगोची राजधानी किन्शासातलं स्टेडियम तेव्हा 'वीस मे' या नावाने ओळखलं जाई. वीस मे म्हणजे देशाचा तेव्हाचा हुकूमशहा मोबुटू याच्या पक्षाचा स्थापनादिन. आज त्याच स्टेडियमला 'टाटा राफाएल' म्हणतात. लिंगाला भाषेत 'टाटा' म्हणजे वडील; आपल्या 'तात'च्या किती जवळचा शब्द! हे वडील मात्र बेल्जियन होते.

राफाएल द ला केथुल यांचा जन्म १८९० चा, सरदार घराण्यातला. स्कट या कॅथलिक मिशनचे पाद्री म्हणून १९१७ मध्ये ते लिओपोल्डविलला, म्हणजे आजच्या किन्शासाला आले. बेल्जियन काँगोतलं शिक्षण जवळजवळ सगळं मिशनच्या हाती होतं. सरकारला हवे होते कारकून आणि कारागीर. त्यापुढे शिकायचं तर बहुधा पाद्री व्हायचीच वाट. पहिलं विद्यापीठ निघायला १९५४ उजाडलं.

राफाएल यांनी शाळा काढल्या, स्काउट पथकं उभी केली आणि फुटबॉल रुजवला. पोरं अनवाणी खेळत. कामासाठी शहरात आलेल्या तरुणांच्या रिकाम्या वेळेची सत्तेला धास्ती वाटे, म्हणून खेळाला सरकारी पाठबळ मिळालं, हे विसरून चालणार नाही. राफाएल वसाहतवादाचे विरोधक नव्हते. तरीही मोतेमा पेंबेसारखा क्लब आणि १९५२ चं हे स्टेडियम (तेव्हा बेल्जियमच्या राजाच्या नावाचं, 'राजा बोदुएं') त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं, आणि त्या पोरांवरची त्यांची माया खरी होती, असं मला मनापासून वाटतं.

राजकीय पक्षांना बंदी असताना काँगोली माणसांनी एकत्र यायचं कुठे? १९२५ मध्ये राफाएल यांनी मिशनच्या शाळांतल्या माजी विद्यार्थ्यांची संघटना काढली होती. पुढे राजकारणात नाव कमावलेले जाँ बोलिकांगो तिचे अध्यक्ष झाले आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोसेफ कासावुबू हेही तिच्यात वावरले. शिस्त लावायला काढलेल्या संस्थेतच माणसं सभा चालवायला शिकली.

राफाएल १९५६ मध्ये वारले. ४ जानेवारी १९५९ ला कासावुबूंच्या पक्षाची सभा नाकारली गेली आणि शहर पेटलं. त्याच वेळी याच स्टेडियममधला सामना सुटला होता. बाहेर पडलेले हजारो प्रेक्षक त्या गर्दीला जाऊन मिळाले. दीड वर्षाने, ३० जून १९६० ला, काँगो स्वतंत्र झाला. राजाचं नाव गेलं, पुढे मोबुटूही गेला, आणि मग पाटीवर टाटा राफाएल आले.