संशोधन अनुदान आता पोर्टलवरून: मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी अर्जाआधी काय तयार ठेवावं

मागे एका मार्चअखेरीला बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बसलो होतो. प्रयोगशाळेत नवं यंत्र येऊन बसलेलं, चालवून पाहिलेलं, पुरवठादाराचं बिल तपासून तयार. पोर्टलवर एका लॉगिनवरून रक्कम भरून झाली होती, दुसऱ्या लॉगिनवरून मंजुरी तेवढी बाकी. त्या दुसऱ्या लॉगिनला जोडलेला मोबाइल नंबर होता डिसेंबरात निवृत्त झालेल्या मोठ्या बाबूंचा. बाबू गावी, शेतात, फोनला रेंज नाही. संध्याकाळी सातला फोन लागला तोवर ओटीपी कधीच बाद झाला होता. ३१ मार्च उलटला आणि खर्चाची मर्यादा परत गेली. नव्या वर्षात ती पुन्हा मिळेपर्यंत पावसाळा लागला. यंत्रवाला एक वेळ थांबला, पण त्याच प्रकल्पावर मानधन घेणारी सहायक मुलगी तीन महिने बिनपैशाचं काम करत राहिली. तिच्यामुळेच हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

आधी पैसा कसा येतो ते बघू, कारण बाकीची कागदपत्रं त्यावरूनच ठरतात. पूर्वी मंजुरीपत्रापाठोपाठ डीडी किंवा चेक यायचा, संस्थेच्या खात्यात जमा व्हायचा आणि खर्च होईपर्यंत तिथंच पडून राहायचा. केंद्राच्या योजनांचा व्यवहार आता पीएफएमएस या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीतून होतो. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेल्या सूचनांनुसार योजनेचा मुख्य पैसा एका मध्यवर्ती यंत्रणेच्या खात्यात राहतो. आपल्या महाविद्यालयाच्या नावाने शून्य शिलकीचं खातं उघडलं जातं आणि त्यावर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. बिल मंजूर केलं की तेवढीच रक्कम मुख्य खात्यातून थेट पुरवठादाराच्या किंवा सहायकाच्या खात्यात जाते. म्हणजे ‘अनुदान आलं का?’ असं बँकेत विचारून उपयोग नाही, पासबुकात शून्यच दिसणार. मर्यादा किती आली ते पोर्टलवर बघायचं. ज्या योजना रिझर्व्ह बँकेतल्या ट्रेझरी सिंगल अकाउंटमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित खात्याच्या व्यवस्थेतून, चालतात, त्यांची न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपते. म्हणून शेवटची बिलं फेब्रुवारीतच पोर्टलवर चढवा, मार्चवर ठेवू नका.

अर्ज कोण करू शकतो

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या प्रकल्पांसाठी पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, म्हणजे एएनआरएफमध्ये, विलीन झालं आहे. त्याचा कायदा २०२३ चा. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आहे. प्रत्येक योजनेची वयाची, पदाची आणि रकमेची अट वेगळी असते, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचा, गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका. साधारणपणे मुख्य संशोधक पीएच.डी. झालेला आणि नियमित पदावर असावा लागतो. महाविद्यालयाकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या २(एफ) आणि १२(बी) कलमांखालची मान्यता असली तर बहुतेक दारं उघडी राहतात. खाजगी संस्था आणि ट्रस्टकडून अनेकदा नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांकही मागतात.

नियमित पदाच्या या अटीमुळे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी आपल्याकडची अनेक चांगली माणसं मुख्य संशोधक होऊ शकत नाहीत. मला ही अट जाचक वाटते. तरी अशा प्राध्यापकांनी जाहिरातीतला सहसंशोधकाचा नियम जरूर वाचावा, तिथे कधी कधी वाट निघते.

कागदपत्रं, आणि नावांचा घोळ

संशोधकाचा बायोडाटा, प्रकल्पाचा आराखडा, संस्थाप्रमुखाचं संमतीपत्र, वाङ्मयचौर्य नसल्याचं हमीपत्र, महागड्या उपकरणांची दरपत्रकं, माणसांवर किंवा प्राण्यांवर काम असेल तर नैतिकता समितीची मंजुरी, संस्थेचा पॅन, खात्याचा रद्द केलेला चेक. यातलं काही मिळत नाही असं क्वचितच होतं. अडतं ते नावापाशी.

आपल्या भागात तर हे नेहमीचंच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. संस्थेच्या पॅनवर आणि दर्पणवर जुना पत्ता, लेटरहेडवर नवा. जुन्या महाविद्यालयांची गंमत आणखी मागे जाते. मान्यतेच्या पत्रावर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असतं, कारण नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि नांदेड, लातूर, परभणीकडची महाविद्यालयं तिकडे गेली. दिल्लीत बसून अर्ज तपासणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेल असं गृहीत धरू नका. प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं एकपानी पत्र जोडा: अमुक नाव आणि तमुक नाव एकाच संस्थेचं, सोबत नामांतराच्या अधिसूचनेची प्रत. आणि पोर्टलवर संस्थेचं नाव टाकताना पॅनवर जसं आहे तसंच टाका, एखादा ठिपका किंवा ‘दि’ सुद्धा गाळू नका.

व्यक्तीच्या नावाचंही तेच. आधारवर आडनाव आधी, बँकेत शेवटी. लग्नानंतर मॅडमचं पॅनवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं. कुणाच्या खात्याच्या नावात ‘डॉ.’ घुसलेलं. प्रकल्प मंजूर होण्याची वाट न बघता हे आधीच जुळवून घ्या.

लॉगिन, सही आणि टोकन

पोर्टलवर पैशाचं काम दोन माणसं मिळून करतात. एक बिल भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा तपासून मंजूर करतो, तो चेकर. एकाच माणसाच्या हातून पैसा जाऊ नये, एवढ्यासाठी ही रचना आहे. पण अनेक कार्यालयांत दोन्ही पासवर्ड एकाच वहीच्या मागच्या पानावर, आणि प्राचार्यांच्या डिजिटल सहीचं टोकन बाबूंच्या ड्रॉवरमध्ये असतं. पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू म्हणजे प्राचार्यांची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार ती आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाबू प्रामाणिकच असतात. पण उद्या रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर त्या प्रामाणिक माणसाकडे स्वतःच्या बचावाला काहीच उरत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

सही क्लास ३ ची घ्या. क्लास २ ची प्रमाणपत्रं देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं आहे. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. निवृत्ती किंवा बदली झाली की कार्यमुक्त करण्याच्या दिवशीच लॉगिन, मोबाइल नंबर आणि ईमेल बदलण्याचा अर्ज जाऊ द्या. अर्ज भरायला इंटरनेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जावंच लागलं, तरी पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका आणि डाउनलोड केलेल्या फाइली पुसूनच उठा.

सरकारी पोर्टलचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो ही खूण बरी, पण पुरेशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिछात्रवृत्तीचं काम कॅनरा बँकेच्या पोर्टलवर चालतं, त्याचा पत्ता वेगळाच आहे. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर न जाता त्या त्या संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावरूनच आत शिरा. ‘अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर.

जेआरएफ घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहेत. रुजू झाल्याचा अहवाल आणि पुरस्कारपत्र संशोधन केंद्राने पोर्टलवर चढवायचं, आणि पुढे दर महिन्याला विद्यार्थी हजर असल्याची पुष्टी द्यायची. इथेही मेकर-चेकर आहेत. पुष्टी राहिली की पैसे राहिले. त्यामुळे महिनाअखेरीला विभागात जाऊन विचारण्यात संकोच करू नका, ते तुमच्या हक्काचं आहे. जिथे पैसा आधारवरून जमा होतो तिथे खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि ‘सीड’, म्हणजे सरकारी पैसा जमा होण्यासाठी जोडलेलं, असणं वेगळं. शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथेच रक्कम जाते, मग ते गावाकडचं विसरलेलं खातं का असेना. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ते दोन मिनिटांत कळतं.

हिशेब देताना

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, सामान्य वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए या नमुन्यात, सोबत खर्चाचं विवरण. वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली (यंत्रसामग्रीसारख्या टिकाऊ वस्तूंचं) या शीर्षांची सरमिसळ नको. रसायनांचा खर्च भांडवलीत पडला तर पुढचा हप्ता थांबतो आणि दुरुस्तीला महिने जातात. जुन्या पद्धतीच्या खात्यात पडून असलेल्या रकमेवरचं व्याज संस्थेचं नसतं. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या २३० व्या नियमाप्रमाणे ते भारत सरकारच्या संचित निधीत जातं. भारतकोश पोर्टलवर ते भरा, चलनाची प्रत प्रमाणपत्राला जोडा, आणि चलनाचा क्रमांक प्रकल्पाच्या फाइलीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा. पुढच्या लेखापरीक्षणात सगळ्यात आधी तोच मागतात.