येळवस: भज्जी, उंडे आणि आंबिलीमागचा इतिहास

मार्गशीर्ष अमावस्येला, बहुधा डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात. सगळे शेतात जेवायला गेलेले असतात. वेळ अमावस्या, बोलीत येळवस. लातुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, जालन्याकडे मात्र हा दिवस इतर अमावस्यांसारखाच जातो. त्यामुळे सरसकट ‘मराठवाड्याचा सण’ म्हणणे जरा ढोबळच.

याची हद्द जुन्या नकाशात सापडते. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि बीदर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा हे तिन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार वाटणी झाली, पण सण दोन्हीकडे राहिला; कर्नाटकात तो एळ्ळमावास्या. आंबील न्यायच्या घागरीला इकडे बिंदगे म्हणतात, तेही कानडीतलेच.

स्वयंपाक ठरतो तो काळ्या रानातल्या हंगामावर. तूर शेंगांनी भरलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि खरिपाची बाजरी, तीळ, शेंगदाणे घरात आलेले. म्हणून भज्जीत ओले दाणे, उंड्यांत (वाफवलेल्या गोळ्यांत) बाजरी, पोळीत तीळ-गूळ.

भज्जीला तूर, हरभरा, पावटा, वाटाणा यांचे ओले दाणे प्रत्येकी वाटीभर, मेथी, कांद्याची पात, गाजर आणि मूठभर बोरे. लसूण-मिरचीच्या फोडणीत दाणे पूर्ण शिजवून मगच चिंचेचा कोळ घालायचा. आंबट आधी पडले की दाणा टणक राहतो, नंतर कितीही उकळा. अर्धी वाटी बेसन गार पाण्यात कालवून सोडायचे, कोरडे भुरभुरले तर गाठी होतात. बेसन पडल्यावर ढवळणे थांबले की बूड लागलेच.

उंड्यांचे पीठ कढत पाण्यात मळतात. बाजरीला चिकटपणा नाही, गार पाण्यातले गोळे वाफेवर भेगाळतात. चाळणीत वीसेक मिनिटे पुरतात. पीठ ताजे दळलेले हवे. जुने कडवट लागते आणि तो कडवटपणा कशानेच झाकत नाही.

आंबिलीसाठी वाटीभर ज्वारीचे पीठ रात्रभर ताकात आंबवून सकाळी चार-पाच वाट्या पाण्यात शिजवतात. ती पूर्ण निवल्यावरच उरलेले ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ घालायचे. गरम असताना घातले की ताक फुटते.

शेतात कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पाच पांडव मांडून पूजा होते, मग ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकात चर, म्हणजे नैवेद्याचा अंश, शिंपतात. हा पुकारा गावागणिक वेगळा ऐकू येतो. सोयाबीन पसरल्यापासून ज्वारीचा पेरा घटला आणि कोपीसाठी कडबा शोधावा लागतो. भज्जीत बाजारचा मटार चालून जातो. तूर मात्र ओलीच हवी, भिजवलेल्या सुक्या तुरीची होते ती साधी उसळ.